दंतविरंजन

दातांच्या आत मुरलेला रंग रासायनिक ऑक्सिडीभवनाने उजळ करण्याची दंतवैद्यकीय प्रक्रिया. व्यवहारात तिला ‘ब्लीचिंग’ किंवा ‘टीथ व्हाइटनिंग’ म्हणतात. दात साफ करणे, म्हणजे कीटण खरवडून काढणे, ही निराळी क्रिया होय. तिने चहा, तंबाखू, मिसरी यांचे पृष्ठभागावरचे डाग जातात, मूळ छटा बदलत नाही. दोहोंची गल्लत सर्रास होते आणि बहुतेक अपेक्षाभंग तिच्यातूनच उद्भवतात.

विरंजनाचे मूळ प्राचीन रोममध्ये शोधण्याचा प्रघात आहे. रोमन लोक मूत्राने दात पांढरे करीत, असे लोकप्रिय लेखनात ठामपणे सांगितले जाते. त्याचा मुख्य आधार म्हणजे इ. स. पू. पहिल्या शतकातील कवी कॅटलस याची एक उपहासात्मक कविता. तिच्यात सतत दात दाखवीत हसणाऱ्या एग्नेशियसची टिंगल आहे. परंतु तो केल्टिबेरियाचा, म्हणजे आजच्या स्पेनमधला, आणि ही चाल त्याच्या मुलखाची म्हणूनच हिणवली आहे. स्ट्रेबो व डायोडोरस हे ग्रीक लेखकही ती आयबेरियातील (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातील) जमातींचीच सांगतात. त्यामुळे तिला रोमन प्रथा म्हणण्यापेक्षा, परक्यांनी आयबेरियनांविषयी नोंदवलेली चाल म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. शिळ्या मूत्रातील यूरियापासून अमोनिया तयार होतो व तो मळ काढतो, हे खरे. पण ते विरंजन नव्हे. भारतीय वैद्यकात दंतकाष्ठ आणि चूर्णे यांचा विचार आहे, तोही शुद्धीचा. महाराष्ट्रात तर दातवण लावून दात काळे करण्याची रूढी स्त्रियांत होती. पांढरेपणा हा सौंदर्याचा सार्वकालिक निकष नाही, याची ती साक्ष.

आधुनिक विरंजनाचा आरंभ कोणाकडे जातो, हे विरंजन कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. मृत, म्हणजे नस गेलेल्या, दातांचा विचार केल्यास अमेरिकी दंतवैद्य ट्रूमन यांचा क्लोरीनयुक्त चुन्याचा प्रयोग (1864) सामान्यतः आधी धरला जातो. जिवंत दातांसाठी चॅपल यांचे ऑक्झॅलिक अम्ल (1877) उद्‌धृत करतात. आजच्या पद्धतीशी थेट नाते मात्र हार्लन यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वापराचे (1884) आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार यांनी हे संयुग 1818 मध्येच शोधले होते. घरी वापरायच्या साच्याची, म्हणजे दातांवर बसणाऱ्या पन्हाळीत जेल भरून ती लावण्याची, पद्धत योगायोगाने सापडली. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील क्लुस्मायर या दंतवैद्यांनी, बहुधा 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, हिरड्यांच्या दाहासाठी कार्बामाइड पेरॉक्साइड (हायड्रोजन पेरॉक्साइड व यूरिया यांचे संयुग) साच्यातून दिले आणि दात उजळल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हेवूड व हायमन यांनी ही पद्धत 1989 मध्ये शास्त्रीय स्वरूपात प्रसिद्ध केली. 10% कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे 3.5% हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते.

क्रियेची यंत्रणा पूर्णतः निश्चित नाही. रंगद्रव्यांच्या रेणूंतील दुहेरी बंध तुटून ते लहान व रंगहीन होतात, हे पारंपरिक स्पष्टीकरण. दाताच्या जैव घटकाचेच ऑक्सिडीभवन होऊन प्रकाश विखुरण्याची रीत बदलते, असे मत 2012 नंतर पुढे आले. दोन्ही क्रिया एकत्र घडत असाव्यात. पेरॉक्साइडचे रेणू अतिशय लहान असल्याने दंतवल्क (दाताचे बाहेरचे कठीण कवच) व दंतिन (त्याखालचा थर) ओलांडून ते मिनिटांतच मगजापर्यंत, म्हणजे दाताच्या नसेपर्यंत, पोहोचतात. दात शिवशिवण्याचे कारण हेच मानतात.

दवाखान्यात प्रथम किडके दात, भेगा व उघडी पडलेली मुळे तपासतात, कीटण काढतात आणि छटापट्टीशी ताडून मूळ रंग नोंदवतात. प्रचलित व्हिटा पट्टीत 16 छटा असतात. पिवळट-तपकिरी छटा करड्या छटांपेक्षा चांगला प्रतिसाद देतात. मग गाल-ओठ दूर ठेवणारी चौकट बसवून हिरड्यांवर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचा (रेझिनचा) थर देतात. हा थर नीट बसणे फार महत्त्वाचे, कारण जेल हिरडीला लागल्यास ती पांढरी पडून चुरचुरते. साधारण 25 ते 40% हायड्रोजन पेरॉक्साइडचे जेल 15-20 मिनिटे ठेवून पुसतात व दोन-तीनदा पुन्हा लावतात. सारे मिळून तास-दीड तास लागतो. निळ्या दिव्याचा किंवा लेसरचा वापर आकर्षक वाटला, तरी अंतिम रंगात त्याने सातत्याने फरक पडल्याचे तौलनिक अभ्यासांत आढळत नाही. काम जेल करते.

खुर्चीतून उठताना दिसणारा रंग कायमचा नसतो. तोंड उघडे राहिल्याने दात सुकतात व अधिक पांढरे भासतात. एक-दोन आठवड्यांत छटा थोडी उतरून स्थिरावते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्णाला फसवणूक वाटते. पहिले एक-दोन दिवस गार हवेनेही कळ येते. पोटॅशियम नायट्रेट व फ्लुओराइडयुक्त जेलने आराम पडतो. दातात भरलेले सिमेंट, दातावरची टोपी, व्हिनियर (दाताच्या दर्शनी बाजूस चिकटवलेला पातळ पापुद्रा) यांचा रंग बदलत नाही. पुढच्या दातांतील जुने सिमेंट बदलायचे असल्यास सुमारे दोन आठवडे थांबतात, कारण दातात राहिलेला ऑक्सिजन राळेला घट्ट होऊ देत नाही. यूरोपीय संघात 6 टक्क्यांहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली विरंजक उत्पादने विकता येत नाहीत आणि 0.1 ते 6 टक्क्यांपर्यंतची उत्पादनेही 18 वर्षांखालील व्यक्तींवर वापरण्यास मनाई आहे.

टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकामुळे आलेल्या करड्या पट्ट्यांना घरच्या साच्याने कित्येक महिने उपचार लागतात. फ्लुओरोसिसचे, म्हणजे अतिरिक्त फ्लुओराइडने पडणारे, डाग यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत पिण्याच्या पाण्यामुळे आढळतात. त्यांत केवळ विरंजनाने प्रारंभी पांढरे ठिपके अधिकच उठून दिसतात. म्हणून दंतवल्काचे सूक्ष्म घर्षण किंवा राळेचे अंतःसरण (डागाच्या सूक्ष्म छिद्रांत पातळ राळ मुरवणे) यांची जोड देतात.