जुना सीसी, नवे इम्प्लांट: स्तनरोपणाच्या आकड्यामागचा इतिहास

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेले ब्रेस्ट इम्प्लांट बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आधी 275 सीसी (घन सेंटिमीटर, म्हणजे इम्प्लांटचे घनफळ) होते, आता किती घ्यायचे? तेवढेच, थोडे जास्त की कमी? प्रश्न सरळ वाटतो. पण हा आकडा कधी लिहिला गेला आणि कशाचा लिहिला गेला, यावर त्याची किंमत ठरते.

सुरुवात 1962 ची. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये फ्रँक गेरो आणि थॉमस क्रोनिन या सर्जननी टिमी जीन लिंडसी यांच्या शरीरात सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट बसवले. बाई आल्या होत्या छातीवरचा टॅटू काढून घ्यायला! डाऊ कॉर्निंगने बनवलेल्या त्या इम्प्लांटचे कवच जाड होते, आकार थेंबासारखा, आणि ते जागचे हलू नये म्हणून मागे डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या कापडाचे तुकडे चिकटवलेले होते. पुढची बरीच वर्षे निवड झाली ती घनफळावर, म्हणजे सीसीवर. छाती किती रुंद, त्वचा किती ताणणारी, हे सर्जन नजरेने जोखत.

सत्तरच्या दशकात स्पर्श नैसर्गिक लागावा म्हणून कवच पातळ आणि जेल पातळसर झाले. त्याची किंमत गळती आणि फुटण्याच्या रूपाने मोजावी लागली. त्याच काळातली दुसरी मोठी तक्रार म्हणजे इम्प्लांटभोवती शरीर जे तंतुमय आवरण तयार करते, ते आवळत जाणे. या कॅप्सूलच्या कडकपणाची चार पायऱ्यांची बेकर श्रेणी आजही वापरात आहे. साइजच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. कॅप्सूल आवळले की आतले इम्प्लांट चेंडूसारखे गोल होते, वर सरकते आणि आहे त्यापेक्षा अरुंद दिसते. अशी स्त्री वर्षानुवर्षे आरशात जो आकार पाहत आलेली असते, तो तिच्या इम्प्लांटचा खरा आकार नसतोच. कॅप्सूल काढून बरोबर तेवढ्याच सीसीचे नवे इम्प्लांट घातले, तरी स्तन पसरट आणि खाली आल्यासारखा वाटतो आणि ‘साइज चुकली’ अशी तक्रार येते.

1992 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, सिलिकॉन जेलवर निर्बंध आणले. स्तनाची पुनर्रचना आणि वैद्यकीय चाचण्या वगळता तिथे 2006 पर्यंत सलाईनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेल्या इम्प्लांटचेच राज्य होते. सलाईन इम्प्लांटचे रिकामे कवच आत बसवून मग व्हॉल्व्हमधून भरतात आणि प्रत्येक कवचाला भरण्याची एक मर्यादा असते, समजा 300 ते 330 सीसी. कमी भरले तर घड्या पडतात आणि घडीच्या रेषेवर कवच झिजते, म्हणून अनेक सर्जन वरच्या टोकापर्यंत किंवा त्याहूनही थोडे जास्त भरत. त्यामुळे जुन्या कागदावर ‘300’ लिहिले असेल, तर ते कवचाचे माप की प्रत्यक्ष भरलेले पाणी, हे आधी विचारायला हवे. दोन्ही स्तनांत वेगवेगळे भरलेले असण्याचीही शक्यता असते.

खरा बदल नव्वदच्या दशकात झाला. घट्ट जेलचे, थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट आले आणि त्यांच्याबरोबर उंची, रुंदी आणि पुढे येण्याचे प्रमाण अशी तीन मापे आली. डॅलसचे प्लास्टिक सर्जन जॉन टेबेट्स यांनी 2000 नंतरच्या लेखनातून मोजमापावर आधारलेले नियोजन मांडले. कॅलिपर या मोजपट्टीने स्तनाच्या तळाची रुंदी घ्यायची, त्वचा किती ताणते ते पाहायचे, वरच्या भागात चिमटीत येणाऱ्या ऊतीची जाडी मोजायची. ती दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर इम्प्लांट स्नायूखाली झाकायचे. आता त्याच 300 सीसीचे इम्प्लांट कमी किंवा जास्त उभारीचे मिळते आणि दोघांच्या रुंदीत सेंटिमीटरभराचा फरक सहज पडतो. ‘मला तीनशेच हवे’ या वाक्याला तेव्हापासून फारसा अर्थ उरला नाही. कप साइजचे तर बोलायलाच नको, ती ब्रा बनवणाऱ्या कंपनीगणिक बदलते.

बदलाच्या शस्त्रक्रियेत आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे जुना पॉकेट, म्हणजे इम्प्लांट बसलेली आतली पोकळी. इतकी वर्षे वजन पेलून तो सैलावलेला असतो, वरची ऊती दबून पातळ झालेली असते, त्वचा उतरलेली असते. ढिली त्वचा भरून काढायला मोठे इम्प्लांट घालण्याचा मोह इथेच होतो. मला तो सगळ्यात महागडा सौदा वाटतो, कारण ज्या वजनाने ऊती पातळ झाली, तेच आणखी वाढवायचे असते. लहान घेणेही आयते जमत नाही. मोठ्या पॉकेटमध्ये लहान इम्प्लांट बगलेकडे सरकते, म्हणून पॉकेट टाके घालून आवळावा लागतो आणि बऱ्याचदा स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया जोडावी लागते. वरची पातळ जागा झाकण्यासाठी काही ठिकाणी रुग्णाचीच चरबी भरतात.

2019 मध्ये अलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट बाजारातून परत घेतले. त्यांचा संबंध लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी दिसला होता. लक्षणे नसतील तर ते काढण्याची शिफारस एफडीएने केली नव्हती, तरी अनेकींनी बदलून गुळगुळीत, बहुधा गोल इम्प्लांट घेतले. थेंबाकडून गोलाकडे जाताना उंचीचे माप हरवते, मग सीसी जुळवून उपयोग नसतो, रुंदी जुळवावी लागते.

जुनी कागदपत्रे सापडली नाहीत तर सर्जन बाहेर काढलेले इम्प्लांट तराजूवर ठेवतात. सिलिकॉन जेलचा एक सीसी जवळपास एक ग्रॅम भरतो, त्यामुळे शाबूत इम्प्लांटचा अंदाज लगेच येतो. गळून रिकामे झालेले सलाईन इम्प्लांट मात्र काहीच सांगत नाही. तिथे दुसऱ्या बाजूचे शाबूत इम्प्लांट आणि पॉकेटची रुंदी यांचाच आधार उरतो. मग साइझर, म्हणजे माप पाहण्यासाठीचे तात्पुरते इम्प्लांट घालायचे, भूल दिलेल्या रुग्णाला टेबलावर बसते करायचे आणि पायथ्याशी उभे राहून दोन्ही बाजू पाहायच्या. कायमच्या इम्प्लांटचे पाकीट फोडायचे ते त्यानंतर.