मंडला क्लासच्या आधी: आर्ट थेरपीची पार्श्वभूमी

नाशिकला गंगापूर रोड, कॉलेज रोडकडे मंडला आर्टच्या, म्हणजे वर्तुळात नक्षी (मंडल) भरण्याच्या, कार्यशाळा आता नव्या राहिलेल्या नाहीत. चिंता कमी होईल, झोप लागेल, असं सांगून त्या भरतात. यामागे आर्ट थेरपी, म्हणजे चित्र काढण्याच्या मदतीने मनावर उपचार, ही कल्पना आहे. ती कुठून आली, थोडं मागे जाऊन पाहू.

एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयाने सॅनटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या रुग्णालयात, दाखल झाले. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. महिनोन्‌महिने पडून राहायचं, बस. हिल पलंगावरूनच समोर दिसेल ते रेखाटू लागले. पुढे शेजारच्या रुग्णांच्या आणि युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या हातीही त्यांनी पेन्सिल दिली. या कामाला १९४२ मध्ये त्यांनी आर्ट थेरपी म्हटलं. १९४६ पासून चित्रकार एडवर्ड ॲडमसन यांनी इंग्लंडमधल्याच नेदर्न मनोरुग्णालयात चित्रशाळा चालवली. ते रुग्णांना शिकवत नसत, चित्रांत हातही घालत नसत.

हे न शिकवणं आपल्याला पचायला जड. आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडवर वाढलेले. कोरा कागद पुढे आला की आधी 'मला चित्र येत नाही' हेच तोंडातून निघतं. आधीच धास्तावलेल्या माणसापुढे ही आणखी एक परीक्षा! थेरपिस्टला चित्र सुबक आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. रंग कुठे दाबून भरला, कुठला कोपरा मोकळा सोडला, यावरून तो समोरच्याला बोलतं करतो.

मंडलाचा धागा स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्याकडे जातो. १९१८-१९ च्या सुमारास ते रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकार आकृती काढत. २००५ मध्ये अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. आधी त्यांना भीतीचा प्रसंग लिहायला लावला, मग वीस मिनिटं कुणाला मंडल, कुणाला साध्या चौकटी, तर कुणाला कोरा कागद रंगवायला दिला. कोऱ्या कागदावर रंगवणाऱ्यांपेक्षा मंडल रंगवणाऱ्यांची चिंता जास्त उतरली. गंमत म्हणजे साध्या चौकटी रंगवणाऱ्यांचीही तितकीच. २०१२ मध्ये प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मात्र मंडल चौकटींपेक्षा सरस ठरलं.

चौकटींचं वाचून मला ठिपक्यांची रांगोळी आठवली. ठिपके मांडले की रेघ कुठून कुठे न्यायची ते ठरलेलं; हाताला काम, डोक्याला उसंत. पाडव्याच्या निमित्ताने गोदाघाटावर महारांगोळी निघते, पेठ-सुरगाण्याकडे वारली लग्नात भिंतीवर चौक (चौकोनी चित्र) लिहितात. पण ही सणाची, विधीची कामं. त्यांना 'आपली प्राचीन आर्ट थेरपी' म्हणणं म्हणजे उगाच टिळा लावणं.

ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवता येत नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसोपचारतज्ज्ञ, मनोविकार परिचारिका वगैरेंच्या व्याख्या आहेत, आर्ट थेरपिस्टची नाही. म्हणून फी भरण्याआधी शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण विचारावं. छंद म्हणून जायचं तर खुशाल जावं. छातीत धडधड, रात्र-रात्र जागरण, कामावर जायची भीती इथवर आलं असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.