ताटात किती, हे कोण ठरवणार?

बालवाडीत डब्याची वेळ झाली की एकच धांदल उडते. बाई एकेकाचे झाकण उघडून देतात, मावशी रेंगाळणाऱ्यांना घास भरवतात आणि ज्याचे दोन घास उरले आहेत त्याला ‘एवढे संपव, मग खेळायला जा’ असे सांगितले जाते. हे सारे मायेपोटीच घडते. मात्र भुकेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना सर्वांत जास्त खटकते ते हे शेवटचे वाक्य.

तीन-चार वर्षांच्या मुलाला आपल्या भुकेचे माप बऱ्यापैकी कळत असते. लिअ‍ॅन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात या वयाच्या मुलांना खाण्याआधी कधी कमी, तर कधी जास्त उष्मांकांचा पदार्थ दिला, तेव्हा जास्त उष्मांक पोटात गेलेली मुले नंतरच्या खाण्यात आपणहून हात आखडता घेत असल्याचे आढळले. पुढे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही मुलांचे लक्ष पोट भरल्याच्या जाणिवेकडे, तर काहींचे घड्याळ, ताटात उरलेले अन्न आणि बक्षीस यांकडे वेधण्यात आले. दुसऱ्या गटातील मुलांना उष्मांकांनुसार खाणे कमी-जास्त करणे जमेनासे झाले. २००० साली याच क्षेत्रातील एका अभ्यासात असे दिसले, की वाढलेले अन्न कमी असो वा जास्त, तीन वर्षांची मुले साधारण सारखेच खात होती, तर पाच वर्षांची मुले जास्त वाढल्यास जास्त खात होती. आतले माप मागे पडून ताटातले माप पुढे येते ते नेमके बालवाडीच्या वयात, असा अर्थ यातून काढता येतो.

म्हणूनच काय आणि केव्हा खायचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे हे मुलावर सोडावे, ही विभागणी शहाणपणाची वाटते. अंगणवाडीतला गरम आहार लहान पळीने मुलांना स्वतः वाढून घेऊ दिला, तर थोडी खिचडी सांडेल. पण पहिल्यांदा थोडेच घ्यावे आणि लागल्यास पुन्हा घ्यावे, हे त्यातूनच अंगवळणी पडते. नव्या भाजीला नाक मुरडणे हा दोन ते सहा या वयाचा स्वभावच असून तीच चव आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, जबरदस्तीशिवाय समोर आली की विरोध बराच मावळतो. ती भाजी आवडीने खाणारी मुले शेजारी बसवणे हा आणखी एक परिणामकारक उपाय आहे. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ या सौद्यात मात्र भाव वाढतो तो चॉकलेटचा.

हाताच्या कौशल्यांसाठी एक उपयुक्त पद्धत म्हणजे शेवटून शिकवणे. डब्याची कडी बाईंनी सैल करावी आणि झाकण मुलाने उचलावे. ते जमले की कडीही त्याच्याकडे सोपवावी. शेवटची पायरी मुलाची असल्याने प्रत्येक प्रयत्न यशातच संपतो. गुंड्या, चपलांचे पट्टे आणि नाक पुसणे यांनाही हेच लागू पडते. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली सुरू केलेल्या बालगृहात आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बोर्डीतील कामातही अशा कामांना शिक्षणाचेच स्थान होते.

हात धुण्याचे महत्त्व निराळे सांगायला नको. साबणाचे रेणू एका टोकाने तेलकट मळाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतात. त्यामुळे नुसत्या पाण्याने न निघणारा मळ जंतूंसह वाहून जातो, मात्र त्यासाठी वीस सेकंद तरी चोळावे लागते. कराचीतील वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साबण आणि हात धुण्याचे प्रोत्साहन मिळालेल्या घरांतील मुलांमध्ये अतिसाराचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. नळ मुलाच्या उंचीवर नसेल, तर ही सवय लागणे कठीणच.

या स्वावलंबनाला एक मर्यादा आहे. मुले स्वतःच्या हाताने खात असताना मोठ्या माणसाने जवळ बसून राहिलेच पाहिजे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नयेत आणि द्राक्षे उभी चिरूनच द्यावीत, कारण ती श्वासनलिकेत अडकू शकतात.