केबल कुठे जाते ते बघा: पाण्याखालचे दोन अ‍ॅनोड

मुंबई हायमध्ये 1974 साली तेल सापडलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात. तेल काढणाऱ्या अशा प्लॅटफॉर्मच्या पाण्याखालच्या पोलादी सांगाड्याला, म्हणजे जॅकेटला, गंजापासून वाचवणारे अ‍ॅनोड, म्हणजे त्याच्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, साधारण 20-25 वर्षांच्या हिशेबाने बसवतात. ते झिजून संपतात, तेल मात्र संपलेलं नसतं. जॅकेट काही वर काढता येत नाही, त्यामुळे नवे अ‍ॅनोड पाण्याखालीच बसवावे लागतात.

या नव्या अ‍ॅनोडचे दोन प्रकार आहेत आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. समुद्रतळावर ठेवलेली चौकट, तिच्यावर अ‍ॅनोड आणि तिथून निघालेली केबल. ही केबल जॅकेटच्या पायाला क्लॅम्पने जोडलेली असेल, तर अ‍ॅनोड स्वतः झिजणारा, बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. ती वर डेकवरच्या रेक्टिफायरकडे, म्हणजे एसी विजेचं डीसी करणाऱ्या यंत्राकडे जात असेल, तर अ‍ॅनोड विजेवर चालणारा. त्यात टायटॅनियमवर धातूंच्या ऑक्साइडचा थर असतो आणि तो फारसा झिजत नाही.

दोन्हींचं काम एकच: पोलादाला इलेक्ट्रॉन पुरवत राहायचं. मोजमापासाठी वापरतात त्या सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत पोलादाच्या व्होल्टेजचं रीडिंग उणे 800 मिलिव्होल्टच्या खाली गेलं की गंज जवळपास थांबतो. अ‍ॅल्युमिनियम स्वतः उणे 1050 च्या आसपास असतं, म्हणजे त्याच्या हाती जोर फक्त पाव व्होल्टचा. म्हणून क्लॅम्पचा टोकदार स्क्रू शिंपले-शेवाळ आणि गंज भेदून थेट कोऱ्या पोलादात रुतावा लागतो. जोड थोडा जरी कच्चा राहिला, तरी तो पाव व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. रेक्टिफायरला ही अडचण नाही, तो व्होल्टेज वाढवू शकतो. पण अ‍ॅनोड जॅकेटच्या फार जवळ असेल तर तेवढ्याच भागाला गरजेपेक्षा जास्त करंट मिळतो आणि उच्च ताकदीचं पोलाद तिथे तयार होणाऱ्या हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकतं.

खरा फरक केबलला ओरखडा पडला की कळतो. झिजणाऱ्या अ‍ॅनोडच्या केबलमधलं तांबं पोलादाच्याच बाजूला जोडलेलं असतं, त्यामुळे पाणी शिरलं तरी त्यालाही संरक्षण मिळतं. विजेच्या अ‍ॅनोडची केबल मात्र रेक्टिफायरच्या धन टोकाला असते. तिच्या आवरणाला टाचणीएवढं भोक पडलं, तरी तिथलं तांबंच अ‍ॅनोड बनून विरघळतं आणि केबल तुटते. शिवाय अ‍ॅनोडवर तयार होणारा क्लोरीन जोडाजवळचं आवरण खातो. रेक्टिफायरची टोकं उलटी जोडली गेली, तर संरक्षण राहतं बाजूला आणि जॅकेटच झपाट्याने झिजू लागतं.

पावसाळ्यात खवळलेल्या अरबी समुद्रात पाणबुड्यांचं काम थांबतं. जून ते सप्टेंबर बिघाड दुरुस्त होण्याची शक्यता कमीच. म्हणून जुन्या जॅकेटसाठी माझं मत झिजणाऱ्या अ‍ॅनोडच्या बाजूने आहे. करंटची गरज फार मोठी असेल, डेकवर खात्रीची वीज असेल आणि रीडिंग रोज कुणीतरी बघणार असेल, तरच रेक्टिफायर.

लाटा आदळतात त्या पट्ट्यात मात्र यातला एकही प्रकार पुरा पडत नाही. तिथलं पोलाद सतत पाण्यात नसतं आणि करंट वाहायला पाणी लागतं. तिथे जाड रंग किंवा मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचं आवरणच लागतं.