भाषासंपादन (बाळ बोलायला कसं शिकतं)

लहान मूल आजूबाजूची भाषा आधी समजायला आणि मग बोलायला लागतं, त्या सगळ्या प्रोसेसला भाषासंपादन म्हणतात. मोठेपणी क्लास लावून भाषा शिकणं वेगळं, तिथं पुस्तक असतं, व्याकरण असतं, परीक्षा असते. इथं यातलं काहीच नाही, तरी चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मूल घरची भाषा फाडफाड बोलायला लागतं, मग ती भाषा मोठ्यांना कितीही अवघड वाटो. आईबाप म्हणतात आम्ही बोलायला शिकवलं, पण रिसर्च बघितला तर शिकवण्याचा वाटा थोडा आणि मुलाने स्वतः ऐकून ऐकून नियम काढण्याचा वाटा जास्त निघतो.

सुरुवात पोटातच होते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येत असतं, शब्द नीट पोचत नाहीत पण आवाजाचा चढउतार पोचतो. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये अगदी दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात निपल दिलं आणि अशी सोय केली की चोखण्याची लय एका प्रकारची असेल तर आईचा आवाज लागेल आणि दुसऱ्या प्रकारची असेल तर परक्या बाईचा, तर बाळांनी आईचा आवाज लागेल अशीच लय पकडली! २००९ च्या एका अभ्यासात तर फ्रेंच नवजात बाळांच्या रडण्याचा सूर वर जाणारा आणि जर्मन बाळांचा खाली येणारा निघाला, म्हणजे रडण्यातसुद्धा घरच्या भाषेची चाल होती.

ध्वनींच्या बाबतीतला सगळ्यात भारी प्रयोग आपल्याला लगेच कळण्यासारखा आहे, कारण तो हिंदीतल्या त आणि ट वर होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक सहसा ऐकूच येत नाही, त्यांना दोन्ही सारखेच वाटतात. वर्कर आणि टीज यांनी कॅनडात इंग्रजी घरातल्या बाळांना मांडीवर बसवून एकच ध्वनी परत परत ऐकवला, मध्येच ध्वनी बदलायचा, आणि त्या वेळी बाळाने मान वळवली तर बाजूचं खेळणं हलायला लागायचं. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर मान वळवायची, दहा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र ते जवळजवळ जमेचना (१९८४). म्हणजे बाळ जन्मतः घरच्या भाषेत नसलेले कितीतरी फरकही ओळखू शकतं आणि वर्षाच्या आत जे घरी लागत नाही ते सोडून देतं. काहीतरी गमावून शिकणं म्हणायचं हे.

दुसरी अडचण म्हणजे बोलण्यात शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नसते, सगळं एका दमात येतं. मग शब्द कुठे संपला हे कळतं कसं? सॅफ्रन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना बिडाकुपाडोटीगोलाबुबिडाकु असली अर्थहीन आणि न थांबणारी टेप फक्त दोन मिनिटं ऐकवली. तेवढ्यात बाळांनी ओळखलं की बि नंतर डा आणि डा नंतर कु हमखास येतं पण कु नंतर काहीही येऊ शकतं, म्हणजे बिडाकु हा एक तुकडा झाला. हा हिशोब त्यांना कुणी समजावलेला नव्हता.

तोंडातून बाबाबा, दादादा साधारण सहा-सात महिन्यांपासून येतं. जी बहिरी बाळं घरी साइन लँग्वेज (हातांच्या खुणांची भाषा) बघत वाढतात ती हाताने बडबडतात, म्हणजे ही बडबड फक्त तोंडाचा मामला नाही. पहिला शब्द वर्षाच्या आसपास, पण समज त्याच्या बरीच पुढे असते, सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना रोजच्या काही वस्तूंची नावं कळतात असं दिसलंय. बर्को आणि ब्राउन यांनी सांगितलेला एक किस्सा इथं फिट बसतो: एक मूल आपल्या फिश खेळण्याला फिस म्हणायचं, मोठ्या माणसाने "ही तुझी फिस का?" विचारलं की चिडायचं आणि "माझी फिस" म्हणायचं, "ही तुझी फिश का?" म्हटलं की मग कुठे "हो, माझी फिस." कानात बरोबर, जिभेवर नाही.

दीड-दोन वर्षांत दोन शब्द जोडले जातात आणि मग व्याकरण सुरू होतं. इथं मुलांच्या चुका नीट ऐकाव्यात. आधी बरोबर केलं म्हणणारं मूल अचानक करलं म्हणायला लागतं, आईबापाला वाटतं मागे गेलं की काय, पण उलट त्याला नियम सापडलेला असतो आणि तो सगळीकडे लावून बघतंय. करलं त्याला मोठ्यांनी शिकवलेलं नसतं. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला वग म्हटलं, मग दोन दाखवले, तर जन्मात न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनी बरोबर केलं. आणि चुका सुधारतात का घरचे? ब्राउन आणि हॅनलन यांना दिसलं की आईबाप मुख्यतः खरंखोटं सुधारतात, वाक्यरचना सहसा सोडून देतात.

हे सगळं होतं कसं यावर भांडण जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५७ मध्ये सांगितलं की भाषा ही सवय आहे, शाबासकीने पक्की होते. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी त्यावर कडक टीका केली, आणि पुढे व्याकरणाची तयारी जन्मतःच असते ही बाजू जोरात मांडली. टोमासेलो वगैरे मंडळी म्हणतात वेगळं व्याकरण जन्मतः कशाला हवं, समोरच्याचा हेतू ओळखणं आणि पॅटर्न पकडणं पुरतं. शाबासकीवाली बाजू एकट्याने टिकत नाही एवढं नक्की, करलं वरूनच ती अडते. बाकी दोघांचा निकाल अजून लागलेला नाही.

माणूस समोर लागतो हे मात्र कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात दिसलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसून खेळली तेव्हा बाळं चिनी ध्वनी ओळखायला लागली, तेच टीव्हीवर किंवा नुसत्या ऑडिओवर दिलं तर काही फरक नाही. बाळांशी लाडीक बोलायलाच पाहिजे असंही नाही, पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत तसं बोलत नाहीत, तरी मुलं बोलतातच. आणि भाषाच मिळाली नाही तर मुलं ती बनवतात: निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी बहिरी मुलं शाळांमुळे पहिल्यांदा मोठ्या संख्येने एकत्र आली, शिक्षक मुलांना ओठ वाचायला लावून स्पॅनिश शिकवायला बघत होते आणि मुलांनी आपापसात नवीच साइन लँग्वेज उभी केली, तिचं व्याकरण पुढच्या बॅचच्या लहान मुलांनी आणखी पक्कं केलं.

वय महत्त्वाचं आहे, फार उशिरा पहिली भाषा मिळाली तर व्याकरण पूर्ण जमत नाही, म्हणून बहिऱ्या बाळाला इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) किंवा साइन जे काय असेल ते लवकर देतात. दोन भाषांनी मूल गोंधळतं ही भीती मात्र फुकाची, एका भाषेतले शब्द कमी वाटतात पण दोन्हीचे मिळून बघितले तर साधारण बरोबरीचे असतात. वर्षभरात बडबडच नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही असं असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवतात, आणि पहिल्यांदा कान तपासतात.