परवान्याची मुदत आणि पंतप्रधानपद

अब्जाधीश निवडणुकीला उभा राहिला की दोन तर्क हमखास ऐकू येतात. पैसा झाला, आता मान हवा. किंवा याचं पोट भरलेलंच आहे, हा कशाला खाईल? दुसरा तर्क तर मतंही मिळवून देतो. राजकीय अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तो आकडे लावून तपासला आहे आणि हाती आलेलं चित्र काळजी वाटावी असं आहे.

थायलंडमधल्या बड्या उद्योजकांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. जितकी श्रीमंती मोठी आणि धंदा सरकारी परवान्यांवर जितका जास्त अवलंबून, तितकी मालकाने स्वतः मोठ्या पदासाठी उभं राहण्याची शक्यता जास्त, असं त्यात आढळलं. निवडून आल्यावर त्यांच्या कंपन्यांचं बाजारमूल्य झपाट्याने वाढलं. बँकांनी कर्ज सढळ हाताने दिलं म्हणून हे झालं असेल, असं वाटतं. तसं दिसलं नाही. नियमच असे झाले की देशी-परदेशी स्पर्धकांची वाट अडली.

थाकसिन शिनावात्रांचं उदाहरण पाहा. त्यांच्या मोबाइल कंपनीला १९९० मध्ये सरकारकडून वीस वर्षांचा परवाना मिळाला. १९९८ मध्ये त्यांनी पक्ष काढला, २००१ मध्ये ते पंतप्रधान झाले. २००३ मध्ये दूरसंचारावर नवा कर आला. जुन्या परवानाधारकांना तो परवान्यापोटी सरकारला द्यायच्या उत्पन्नाच्या हिश्श्यातून वळता करून घेता येत होता. नव्याने येणाऱ्याला ती सोय नव्हती. जानेवारी २००६ मध्ये दूरसंचार कंपन्यांतल्या परकीय मालकीची मर्यादा २५ वरून ४९ टक्के झाली आणि लगोलग कुटुंबाने आपले समभाग सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक कंपनीला सुमारे ७,३०० कोटी बातला (बात हे थायलंडचं चलन) विकले. २०१० मध्ये थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातले सुमारे ४,६०० कोटी बात जप्त केले.

पण स्वतः कशाला उभं राहायचं? एखाद्या पुढाऱ्याला पैसे पुरवले तरी काम होतंच की. इथे अडचण विश्वासाची आहे. पुढाऱ्याने दिलेला शब्द फिरवला तर त्याच्यावर दावा कुठे लावणार? रशियातल्या राज्यपालपदाच्या (तिथे प्रांताचा निवडून येणारा प्रमुख) निवडणुकांच्या अभ्यासात हेच दिसलं: जिथे वृत्तपत्रं मोकळी आणि कारभार पारदर्शक, तिथे उद्योगपती उमेदवार कमी. शब्द मोडणं महाग पडतं, तिथे दुसऱ्यावर भिस्त ठेवता येते.

धडाडीचा माणूस धंदाही वाढवेल आणि निवडणूकही जिंकेल, मग सत्तेचा वाटा वेगळा कसा काढायचा? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, रशियातल्याच प्रांतिक विधिमंडळांवरच्या अभ्यासात त्यासाठी अगदी थोड्या मतांनी जिंकलेल्या आणि हरलेल्या उद्योजकांची तुलना केली. अशा दोघांत फरक जवळपास नशिबाचाच. तरीही जिंकणाऱ्याच्या कंपनीची उलाढाल एका कार्यकाळात साधारण ६० टक्क्यांनी जास्त भरली. कारण सापडलं ते नोकरशाहीत: साहेबांच्या दालनाचं दार त्यांना उघडं होतं.

माझ्या मते उमेदवाराच्या संपत्तीच्या एकूण आकड्यापेक्षा ती कुठल्या परवान्यावर उभी आहे, हे कळणं जास्त गरजेचं आहे. आपल्याकडे २०१८ पासून उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या आणि कुटुंबाच्या सरकारी कंत्राटांचा तपशीलही द्यावा लागतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही वाचता येतो.