लोह, झिंक, तांबं: रक्त द्यायला येण्यापूर्वी

"सगळे मिनरल्स एकदा चेक करून टाका." गिरगावातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर हे हल्ली रोज ऐकू येतं. कारण विचारलं की केस गळतात, थकवा येतो. सरसकट सगळं केलंत तर बिल वाढेल, हाती फारसं काही लागणार नाही. डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच करा.

हे घटक शरीरात असतातच किती? लोह ३ ते ४ ग्रॅम, झिंक २ ग्रॅमच्या आसपास, आयोडीन तर काही मिलिग्रॅम, तेही बहुतेक थायरॉइड ग्रंथीत. पण लोहाशिवाय हिमोग्लोबिन तयार होत नाही आणि झिंक कमी पडलं की जखम भरायला वेळ लागतो, तोंडाची चव जाते.

रिपोर्टमधला आकडा मात्र फसवा असू शकतो. फेरिटिनवरून लोहाचा साठा कळतो, पण ताप आला की ते वाढतं. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियातून उठलेल्या माणसाचं फेरिटिन छान दिसतं आणि खरी कमतरता झाकली जाते. झिंकचं उलट, ते तापात उतरतं. त्यामुळे नुकतेच आजारी होतात का, ते आधी सांगा.

सकाळी उपाशीपोटी या. "फक्त अर्धा कप चहा घेतलाय" हेही चालत नाही. झिंकसाठी गडद निळ्या झाकणाची ट्यूब लागते, कारण साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून झिंक रक्तात उतरतं. रक्त घ्यायला घरी आलेल्या मुलाकडे ती नसेल तर रक्त देऊ नका, मुलगा आमचा असला तरी.

चालू गोळ्याही सांगा. कोविडमध्ये सुरू केलेलं झिंक काहीजण अजून घेतात. जास्त झिंक फार दिवस घेतलं तर तांबं शोषलं जात नाही, त्यातून ॲनिमिया होतो, हातापायांना मुंग्या येतात.

केसांवरून मिनरल्स आम्ही तपासत नाही. शाम्पू आणि डायमुळे त्या आकड्यांचा भरवसा नसतो.

तरुण वयात लिव्हर बिघडलं, हात थरथरू लागले, तर डॉक्टर विल्सन डिसीजसाठी तपासण्या लिहितात. यात शरीरात तांबं साठत जातं. हा आजार आनुवंशिक आहे, तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन होत नाही. तपासणीत रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं पाहतात. कॅन आमच्याकडूनच न्या. सकाळची पहिली लघवी सोडून द्या, नंतरची प्रत्येक वेळची त्यात घ्या, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. रविवारी सुरू केलंत तर कॅन घेऊन लोकलमध्ये चढावं लागणार नाही.